अकरा पोती

लातूरच्या बाजार समितीत, पत्र्याखालच्या खोलीत
आमचं युनिक्सचं मशीन होतं, आणि त्याची डिस्क
तुरीच्या हंगामात आडतीवर उरते तेवढीच मोकळी.
आवक, तोलाई, सौदा, पट्टी, हमाली.
पाच प्रोग्राम, आणि प्रत्येकाच्या पोटात
वजनमापाचं तेच ते गणित, पाचदा शिवलेलं.
बिराजदार साहेब म्हणाले, नवी डिस्क पुढच्या बजेटात.
म्हणून मी ते गणित उसवून बाहेर काढलं,
एक सामायिक लायब्ररी केली, नाव ठेवलं मापे.
ज्याला लागेल त्यानं चालता चालता मागावी.

पहिल्यांदा तिला मेमरीत पक्की जागा दिली.
वहीत लिहिलं, इथून इथवर मापे, त्यापुढे छपाई.
छपाई वाढली. तिनं बांध कोरला.
दोघींचा पाय एकाच पत्त्यावर पडला
आणि रात्री दीडला मशीन
सेगमेंटेशन फॉल्ट एवढंच बोलून गप्प.

मग पत्ता सांगायची रीतच बदलली.
गंजगोलाईत कुणी घर नंबर सांगतं का?
सोळा रस्ते फुटतात तिथून. माणूस म्हणतो,
तू उभा आहेस तिथनं डावीकडं, चार पावलं.
तसा कोड लिहून घेतला: कुठंही उतरव मला,
मी माझ्यापासून मोजीन.
बाहेरचं कुणी लागलं तर मधे एक पाटी.
पहिल्या हाकेला ती कोरी; लिंकर धावत जातो,
पत्ता काढतो, पाटीवर लिहितो.
दुसऱ्या हाकेला कुणी धावत नाही.
हे चाललं त्या दिवशी उमाकांत हालगेनं
स्वतःच्या पैशानं चहा सांगितला.

जानेवारीत वरून पत्र आलं: तुरीचा ओलावा नोंदवा.
मी मापेच्या नोंदीत एक घर वाढवलं.
वजन, मग ओलावा, मग पोती, मग भाव.
शेवटी टाकायला हवं होतं. मधे टाकलं,
कागदावर तसं बरं दिसत होतं म्हणून.
चार प्रोग्राम पुन्हा बांधले.
हमालीचा राहिला; त्याची फ्लॉपी उमाकांतच्या ड्रॉवरात
आणि किल्ली त्याच्याबरोबर निलंग्याला, लग्नाला.
नाव तेच होतं. हमालीनं मापे मागितली,
मशीननं दिली. कुठंच ठेच लागली नाही.

लागली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी खाजामियाँ मुकादम खिडकीशी आले,
मुठीत चुरगळलेला कागद.
"मॅडम, काय करायलंय हे तुमचं मशीन?
काल चाळीस पोती वाहिली, लिहिलंय अकरा.
परवा बासष्ट, तरी अकरा.
तेरवा सातच होती, तिथं बारा."
थोडं थांबून म्हणाले, "सातवाले खूष हायेत."

अकरा. अकरा. बारा.
ही पोती नव्हती. हा तुरीतला ओलावा होता.
हमाली अजून दुसऱ्याच घराचं दार वाजवत होती
आणि आत राहणारं माणूस बदललेलं.
चाळीस पोत्यांचं ओझं मी टक्क्यांत लिहिलं होतं.

साहेब म्हणाले, मशीनची चूक.
मी हो म्हणाले नाही, नाही सुद्धा म्हणाले नाही.
रात्री नावापुढे आकडे लावले: मापे एक, मापे दोन.
ज्याला जी ठाऊक त्यानं ती मागावी,
दोघी शेजारी राहतील.
मग तोलाईच्या वह्या काढून तीन दिवसांची हमाली
हातानं मोजली. खाजामियाँ वही न बघता पोती सांगत,
मी वहीत बघे. त्यांचा एकही आकडा चुकला नाही.

ड्रॉवर उघडला तेव्हा फ्लॉपीला बुरशी होती.
त्यानंतर मशीन दोनदा बदललं, साहेब तीनदा.
परवा नवा मुलगा विचारत होता,
मॅडम, ही मापे एक कशाला ठेवलीय? काढू?
म्हटलं, आधी बघ कोण मागतंय.
त्यानं बघितलं.
एकच नाव आलं.