छाट

तुमसरचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा
मालकाने लाकडी कॅमेरा मला दिला, तीन ट्रे,
आणि मुदत उलटलेल्या शीट फिल्मची दोन खोकी.
"ओली झाली की दुधावरची साय समज,"
एवढंच बोलला,
आणि बसस्टँडवर चहाची टपरी टाकायला निघून गेला.

चैत्रात आमच्याकडे दिवसा पाणी हाताला पोळतं,
साय तर विरघळूनच जायची.
म्हणून रात्री बारानंतर, मागच्या खोलीत,
कवाडाच्या फटीत गोधडी कोंबून,
रांजणाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून
मी सहा शीट एकावर एक बुडवायचो.
खालची काढायची, वर ठेवायची.
खालची काढायची, वर ठेवायची.
साय वरच्या बाजूला, खाच उजव्या हाताशी.
सकाळी खिडकीशी धरलं की
शाळेच्या घंटेवर एक रेघ,
नत्थूच्या बैलाच्या पाठीवर एक,
रेवनबाई कुंभारणीच्या गालावर
मांजराने ओरखडल्यासारख्या तीन.

नखं कापली. अंगठी काढली.
विहिरीची रेती असेल म्हणून
पाणी तीनदा गाळलं.
रेघा तशाच.

माय ओसरीवर विड्या वळत होती.
वीज गेलेली, हजाराला दोन कट्टे कमी,
आणि सकाळी सातला कारखान्याचा मुंशी येणार.
ओल्या फडक्यातून तेंदूचं एकेक पान
तिच्या हातात यायचं, अंधारातच.
मला दिसत नव्हतं काही, ऐकत होतो:
कात्री वाजायची, सुपातला जर्दा सरकायचा,
पण पान पानावरून सुटताना
काहीच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या रात्री तिला आत नेलं.
नुसतं पाणी, वाया गेलेल्या सहा शीट.
तिने पाण्यातच माझं मनगट धरलं.
"वढतेस तू."
"काढतोय."
"वढतेस. कोपरा लोंबते तुहा,
अन् खालच्याले घासते.
सपाट उचल. मंग पाण्यावर ठेव,
पानावर नोको ठेवू.
पाणीच नेते त्याले खाली.
तू बोटानं निस्तं सांग, जाय म्हणून."
थोड्या वेळाने: "अन् आधी एकेक भिजू दे.
कोरडं ओल्यावर टाकशील त चिकटन,
मंग सोडवाले जाशील त चामडी निंघन."

चाळीस वर्षं विडीचं तोंड मुडपून
तिच्या बोटांचे ठसे झिजलेत.
रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला ओळखत नाही,
दर महिन्याला दोनदा हात पुसायला लावतं,
मग धाकट्याला बोलवावं लागतं.
त्या रात्री तीच बोटं शीटवरून फिरली
आणि शीटला कळलंही नाही.

मग खरं औषध. हात माझे.
ती दाराशी उकिडवी बसून मोजत होती,
घड्याळ नव्हे, पंचवीस-पंचवीसचे कट्टे,
आणि प्रत्येक कट्ट्याला "हं" म्हणत होती.
तो "हं" आला की खालची वर.
सोळाव्या कट्ट्यावर माझी मान अवघडली,
एक कोपरा निसटला.
मी काही बोललो नाही.
तीही नाही, पण पुढचा "हं" जरा उशिरा आला.

सकाळी दोरीला, चिमट्यांना, सहा.
पाच कोऱ्या पाण्यासारख्या स्वच्छ.
सहावीत मायच होती, ओसरीवर, मांडीवर सूप.
कानापासून पदरापर्यंत
केसाएवढी एक रेघ.

"छाट," मी म्हणालो,
मुंशी म्हणतो तसं, वाकडी विडी बाजूला फेकताना.

तिने शीट कडेला धरून आभाळाकडे केली.
बराच वेळ पाहिलं.
"केसं काळे झाले मायवाले," म्हणाली,
"अन् दात बी."
हसली. मग चिमट्याला परत लावली, स्वतःच, सपाट.

"छाट मुंशी काढते तेवढी पुरे.
जाय, रांजण भर.
रात्री अख्खा उपसलास."