तिसरी तार

डॅनिलो मनिलाला परतला तेव्हा पंचेचाळीस दिनारांत,
दोन हप्त्यांत, मला देऊन गेला ही निकेलची गिटार.
पोटात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, उलट्या झाकणीसारखा;
छेडली की आधी पत्रा बोलतो, मग तार.
त्याचे स्वर त्याने सैल सोडून ठेवले होते,
खोली सोडताना पंखा बंद करावा तसे.

आता कुठल्या स्वरात लावायची?

सितराच्या टाकी-यार्डात मी गेज बसवतो.
दाब किती, पातळी किती, काटा सांगतो.
इथे काटा नाही.
इथे सहा खुंट्या, शुक्रवारची एक दुपार,
खालच्या बंकवर रात्रपाळी करून झोपलेला शशिधरन,
आणि करंगळीत पाऊण इंची स्टेनलेस नळीचा तुकडा,
कडा कानसून गोल केलेला, साहेबाला न विचारता.

चढवून लावावी तर मान वाकेल, तार तुटेल.
मी उतरवणाऱ्यांतला माणूस.
एक रीत पंचमापासून सुरू होते:
प सा प सा ग प.
तिच्यात सा आत शिरल्यावर भेटतो,
मधल्या खोलीत बसलेल्या यजमानासारखा.
चांगली रीत आहे. पण मला दारातच कुणीतरी हवं होतं.
म्हणून दुसरी:
सा प सा
ग
प सा.

अडलं ते त्या ग वर, तिसऱ्या तारेवर.
शुद्ध ठेवला तर खोली
रजा मंजूर झाल्यासारखी.
कोमल केला तर तीच खोली
घरचा फोन ठेवल्यानंतरची.
अर्धा पीळ इकडे, अर्धा पीळ तिकडे,
तासभर.

मिरजेत आमच्या शेजारच्या गच्चीवर भोपळे वाळत पडायचे.
खाली दस्तगीरचाचा तंबोऱ्याच्या घोडीवर
रेशमाचा दोरा सरकवत म्हणायचे:
गंधार लावायचा नसतो, पोरा. तो आपसूक येतो.
मी नऊ वर्षांचा. मला वाटलं, पाहुण्याबद्दल बोलतायत.

संध्याकाळी गिटार बाहेर नेली.
एसीतून एकदम त्या हवेत:
सगळ्या तारा उतरल्या, तीही प्रत्येक आपापल्या मर्जीने.
ओहोटी होती. चिखल उघडा,
मासे अडवायच्या कुंपणाचे खांब उघडे,
आणि गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत हाजी मक्की,
ज्याचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे
आणि एकदा, म्हणे, वर यायचं विसरले.

त्याने ऐकलं. मान हलवली, बहुधा नापसंतीने.
मग खालून एक हुंकार लावला,
माझ्या सगळ्यात जाड तारेच्याही खालून,
होडीच्या तळात पाणी साचलेलं असावं तसा.
आणि थोड्या वेळाने त्यावर, बारीक आवाजात,
चार-पाच स्वर.
त्यातला तिसरा
माझ्या दोन्ही गंधारांच्या मधल्या फटीत होता.

नळी सरकवून सरकवून मी तो गाठला.
लगेच खुंटी पिळली, तार तिथेच आणून बसवली,
आणि सहाही तारा एकदम छेडल्या:
दूध नासलं.
मक्की हसला. म्हणाला,
इसको बिठाव मत. इसको चलने दो.

मग तिसरी तार गंधारावरून उचलली,
पंचमावर नेली.
सा प सा प प सा.
दोन पंचम शेजारी शेजारी, एकच स्वर,
तरी जरासे भांडणारे.
उघडी छेडली तर ना रजा, ना फोन.
गंधार आता नळीखाली असतो,
रोज वेगळ्या जागी; गुरुवारी जरा वर.

रात्री शशिधरन उठला, डबा भरताना म्हणाला,
अजून जुळली नाही का?
म्हटलं, जुळली. एक स्वर काढून टाकला.
त्याला काही कळलं नाही. त्याची बस आली.

दिवा घालवून एकदा छेडली.
तारा थांबल्यावरही पत्र्यात काहीतरी उरलं होतं,
न लावलेलं, बारीक.
चाचा म्हणायचे ते असेल.
किंवा एसीची घरघर.