फेब्रुवारी की नोव्हेंबर

वेस्ट्रेच्या धक्क्यावर उतरले तेव्हा
बॅगेत सरकत्या खुणेची लाकडी पट्टी होती
आणि बत्तीस पानांचा फॉर्म.
थॉर्फिन हार्कसनं आधी माझे बूट पाहिले,
मग म्हणाला, "कुंपणाकडून येऊ नकोस,
मेंढ्या नुकत्याच व्यायल्यात."

आठवड्यातून तीनदा तो बोटीनं कर्कवॉलला जातो,
चार तास यंत्राला आपलं रक्त उसनं देतो
आणि तेच धुऊन परत आणतो,
थोडं गार झालेलं, म्हणतो.

आधी खर्च.
बोटीचं भाडं, सवलतीत. सँडविच, दोन.
सोबत कोण? इंगा.
किती तास? सकाळी सहा ते संध्याकाळी पाच.
एरवी या वेळात काय केलं असतंत?
"मोजे विणले असते."
आणि तिथं बसून काय करता?
"मोजे विणते."
माझी पेन्सिल अडली.
अकरा तासांचा दर पुस्तकात आहे,
त्यातून मोजे कसे वजा करायचे, ते नाही.

तुम्ही नसताना मेंढ्यांचं कोण बघतं?
शेजारचा एर्लेंड.
त्याला काय देता?
थॉर्फिननं असं पाहिलं,
जणू मी उघड्या दाराला कुलूप शोधत होते.
"शून्य लिही.
आणि हे विचारलंस, ते त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस."
आमच्या पद्धतीत शून्य चालत नाही;
कुणी ओझं उचललं की ते कुणाच्या तरी नावे टाकावं लागतं.
मी तासाचा दर लिहिला, आडवा हात धरून,
शाळेत उत्तर झाकतात तसा.

मग पट्टी काढली.
वर दहा वर्षं, अशीच, यंत्राची आणि बोटीची.
खाली नऊ, पण ठणठणीत.
कुठलं घ्याल?
आठ? साडेआठ?
खूण पुढे-मागे सरकत राहिली.
त्यानं तिच्यावर बोट ठेवलं. जाड, नखाला माती.
"कुठून कापणार?"
म्हणजे?
"वर्षं. कुठल्या टोकाकडून?"
शेवटाकडून, मी म्हटलं. पट्टी तशीच बनवली आहे.
"छे. त्यापेक्षा दरवर्षीचा फेब्रुवारी ने.
अंधार, ओल, बोट रद्द. दहाच्या दहा ने,
मी मागे वळून बघायचा नाही."

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला.
"फेब्रुवारीत माझा वाढदिवस असतो," इंगा म्हणाली.

किटली उकळेपर्यंत कुणीच बोललं नाही.
"बरं, मग नोव्हेंबर," थॉर्फिन म्हणाला.
"नोव्हेंबर ने. खोडता येतं ना तुझ्या त्यावर?"

रात्री खाणावळीच्या खोलीत मी गणित मांडलं.
महिने कापायला रकाना नव्हता, समासात मांडलं.
दहा फेब्रुवारी: दोनशे ब्याऐंशी दिवस, दोन लीप वर्षं धरून.
दहा नोव्हेंबर: तीनशे.
म्हणजे बायकोच्या वाढदिवसासाठी
त्यानं अठरा दिवस जास्तीचे मोजले,
घासाघीस न करता, चहा ओतता ओतता.
शून्य पूर्णांक नऊशे तेवीस होतं,
शून्य पूर्णांक नऊशे अठरा झालं.
हजारात पाच. मी दोनदा ताळा केला.

पण आम्ही अहवालात दोनच स्थळं छापतो.
फेब्रुवारी: ब्याण्णव.
नोव्हेंबर: ब्याण्णव.

"इतर शेरे" मध्ये दीड ओळीची जागा असते.
तिथं मी लिहिलं: उत्तरदात्यानं महिना बदलला.
कारण लिहायला घेतलं, आणि जागा संपली.

सकाळच्या बोटीवर तो होताच, मंगळवार होता.
खिडकीला डोकं टेकून झोपलेला.
इंगा शेजारी विणत होती, राखाडी लोकर.
"कुणासाठी?" मी विचारलं, फॉर्म नव्हता हातात.
तिनं टाके मोजले, ओठांतल्या ओठांत, ओळ संपवली.
"एर्लेंडला," म्हणाली.
"त्याचे पाय फार मोठे आहेत. वेळ लागतो."