कुठल्या झाडाखाली

कापायची नाही, बुडासकट उकरायची:
ब्रोनिस्वावाने चाकूचं टोक मातीत घातलं,
पोझ्नानच्या जुन्या बागेत, तळ्याच्या अलीकडे,
जून महिना, सकाळचे सात.
टोपी मळकट पांढरी, मधे जरासा उंचवटा,
देठ अंगठ्याएवढा, वास भिजवलेल्या पिठाचा.
जंगलातल्या चाळीस अळंब्या ती अंधारात चाचपून सांगते.
ही चाळिसांतली नव्हे.

शेजारचा इरेनेउश जिन्यातच म्हणाला,
"लोण्यात परत. पोटच सांगेल नाव."
"तुझं पोट अडाणी आहे," ती म्हणाली.

रात्री टोपी देठावेगळी केली,
अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवली,
वर चहाचा पेला पालथा.
स्वयंपाकघरात कुणी मुक्कामाला आलंय
असं वाटत राहिलं. दोनदा उठून दिवा लावला.
सकाळी पेला उचलला, टोपी उचलली,
तर काळ्यावर भुकटी, रेघारेघांची,
इरेनेउशच्या नव्या कवळीसारखी गुलाबी.

आरोग्य खात्याच्या कचेरीत
अळंबी तपासून देतात, फुकट.
काउंटरमागे कलिना, तिशीच्या आतली.
तिने भिंग लावलं, कडेचा तुकडा मोडला, हुंगला,
कागद उजेडाकडे तिरपा केला,
आणि विचारलं, "कुठल्या झाडाखाली?"

"म्हणजे?"
"आलुबुखार असेल तर ही एक जात, काहीजण खातात.
ओक किंवा तसलं काही असेल तर दुसरी,
ती इस्पितळात पोचवते. तर, झाड?"

एकतीस वर्षं त्या बागेच्या कडेने
ब्रोनिस्वावाने ट्राम चालवली होती.
रूळ पाहिले, सिग्नल पाहिले,
आडवी येणारी पोरं पाहिली.
सावली होती तिथे, एवढं आठवत होतं.
कुणाची, ते कधी विचारलं नव्हतं.

कलिनाने शिक्का मारला:
ओळख अनिश्चित. खाऊ नये.

ती परत गेली. खड्डा तसाच होता,
काठाने एक मुंगळा फिरत होता.
तिने मान वर केली.
राखाडी खोड, पीळदार,
पहिलवानाच्या दंडासारखं फुगलेलं,
पानांना करवतीचे काठ.
ओक नाही, ओक तिला कळतो.
मग आलुबुखार? खोडाला हात लावून पाहिला.
काही बोललं नाही.

एक डहाळी मोडून घेतली.
कचेरी तीनला बंद होते,
ट्रामने दहा मिनिटं.
ती चालत निघाली, बुंध्याबुंध्याशी थांबत.
पोचली तेव्हा साडेचार वाजले होते.