वाऱ्याचं भाडं

अकरा घरांना सारखंच पत्र होतं.
कंपनीचं. जाड कागद, कोपऱ्यात हिरवं पान.
डोंगरावर सात पवनचक्क्या उभारू का,
हो की नाही, सही करून परत पाठवा,
तिकीट लागणार नाही.

गलिसियाच्या या टोकाला मी एकोणीस वर्षं टपाल वाटते.
कुणाचं मत किती पक्कं
ते मला परतीचा लिफाफा हातात घेतानाच कळतं,
किती थुंकी लावलीय त्यावरून.

एलादिओने पत्र दारातच फाडलं.
"डोंगर सगळ्यांचा, म्हणजे माझाही.
घोड्या तिकडे वितात.
वारा प्यायलेली ती जनावरं,
त्यांना काय सांगू, वारा विकला म्हणून?"
मग जरा थांबून, हळूच:
"वर्षाला किती म्हणालीस?"
मी काहीच म्हणाले नव्हते.

बेनिग्नो आणि फिझ, सख्खे भाऊ,
एका चेस्टनटच्या झाडापायी बारा वर्षं
एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.
दोघांनीही "नाही" लिहिलं.
एकाचं दुसऱ्याला मी सांगितलं नाही,
उगाच कुणीतरी बदललं असतं.

उर्सिना हो म्हणाली, बेधडक.
तिचा मुलगा बासेलला हॉटेलात भांडी घासतो.
"शाळा बंद केली तेव्हा कुणी विचारलं होतं?
बस बंद केली तेव्हा?
आता म्हणे देखावा बिघडेल.
म्हणणारे सगळे ऑगस्टात येतात
आणि अंडी माझ्याकडूनच नेतात."
लिफाफ्याबरोबर तिने मलाही अंडी दिली. सहा.
एक वाटेत फुटलं, तिच्या "हो"ला लागलं.
ते तसंच गेलं.

शेवटचं घर बाल्बिनाचं.
तिला वाचता येतं, तरी तिने मलाच वाचायला लावलं,
दोनदा.
तिसऱ्यांदा फक्त एक ओळ:
विमानांसाठी खांबाच्या टोकावर रात्रभर लाल दिवा राहील.
"रात्रभर?"
"रात्रभर."
"म्हणजे कुणीतरी जागं असेल," ती म्हणाली
आणि पेन मागितलं.

माझ्या घराला पत्र नव्हतं.
मी खाली दरीत राहते, भाड्याने.
पण कुणी विचारलंच असतं तर…
एका उन्हाळ्यात वर वारा पडला होता,
गाडी बंद करून मी नुसती उभी राहिले,
इतकं शांत की बुटातला खडा ऐकू आला.
ते जाईल.
आणि वीज गेली की फ्रिजमधलं
वडिलांचं इन्सुलिन, तेही आठवतं.
अशा मताला त्या कागदावर चौकोन नव्हता.

निकालाचं पत्रही मीच वाटलं.
या वेळी कागद पातळ.
पवनचक्क्या शेजारच्या गावाच्या कड्यावर,
दरीच्या त्या अंगाला.
भाडं त्यांना, घरघर आम्हाला.
हो म्हणणारे चिडले, नाही म्हणणारे त्याहून.
बेनिग्नो आणि फिझ एकाच बाकावर बसून
तिकडे बघत होते,
मध्ये एका माणसाची जागा सोडून.

काल बाल्बिनाकडे वीजबिल द्यायला गेले.
तिने खुर्ची खिडकीशी ओढून घेतलीय.
"दिसतो का दिवा?"
"दिसतात. पण सातही जण एकदमच डोळे मिटतात," ती म्हणाली,
"एकाने तरी उघडा ठेवायला काय हरकत होती?"