पूर्ण शब्द जुळवा

वरून फोन आला : पावतीवर धान लिहू नका,
भात लिहा. भात हा प्रमाण शब्द.
मी म्हटलं, बरं.
वरच्या खणात धान टाकलं, खालच्या खणात भात,
आणि ‘सगळे बदला’वर बोट दाबलं.
चारशे बारा जागा, पापणी लवायच्या आत.
कुरखेड्याच्या या गोदामात इतक्या लवकर
कुठलंच काम कधी झालं नव्हतं.
सेव्ह केलं. लाइट गेली. मी डबा उघडला.

सकाळी काट्यापुढे रांग.
दसरू नैतामने पावती उलटीसुलटी केली.
“म्याडम, भात त् घरी रांधतो.
काट्यावर आनतो थे धान.
शिजवून आनाचं होतं का?”
रांग हसली. मीही हसले,
तोवर पाटीवर लाल अक्षरं पळायला लागली :
सावभात! वजन चालू आहे.

धानोऱ्याचं भातोरा झालं होतं.
समाधान मेश्रामचा समाभात झाला होता,
आणि तो तक्रार घेऊन आला
तर तक्रारीच्या खिडकीत प्रश्न उभा :
आपले समाभात झाले का? हो. नाही.

खणाच्या कडेला एक बारकी खूण असते,
पूर्ण शब्द जुळवा.
टेमराजने दाखवली होती मला,
रायपूरला जायच्या आदल्या दिवशी, घाईघाईत,
एक पाय मोटरसायकलवर टाकून.
मी मान हलवली होती.

परतायची वाट लाइटीबरोबर गेलेली.
उलटं ‘सगळे बदला’ करावं
तर देसाईगंजची प्रभात राइस मिल
प्रधान राइस मिल होऊन बसणार.
मग एकेक. पुढचा. पुढचा. पुढचा.
रोवण्याच्या बाया चिखलात मागे सरकतात
तशी मी त्या ओळींतून सरकत राहिले,
पाठ तिथेच धरली, जिथे त्यांची धरते.

वाटेत टेमराजच्या टिपा लागल्या.
‘इथे शून्याने भागाकार होऊ शकतो. मंग पाहू.’
‘एकाच नावाचे दोघे आले तर? मंग पाहू.’
‘हे का चालते ठाऊक नाही. हात लावू नये.’
मंग पाहू शोधलं. तेवीस जागा.
एवढ्या तेवीस ‘मंग’वर
चार वर्षं आमचा काटा चालला होता.

सगळं झालं असं वाटलं.
महिन्याने फुलवंता प्रधान आली,
तिसऱ्यांदा, दुपारच्या बसने.
अकरा क्विंटलचे पैसे बँकेने परत पाठवलेले.
पावतीवर : फुलवंता प्रभात.
भातोरा मला दुरून दिसला होता,
सावभात तर आंधळ्यालाही दिसला असता.
प्रभातवरून मी तीनदा गेले असेन,
शब्द धडधाकट होता, थांबायचं कशाला?

“माहं नाव तुह्या मशिनीत हरवलं का ओ?”
मी फुलवंता लिहिलं. एक जागा.
नाव पिवळं झालं.
ती खुर्चीमागून वाकून बघत होती.
“पिवळं कायले?”
सापडलं म्हणून, आजी.
या वेळी ‘एकच बदला’. दोनदा वाचलं.
तिसऱ्यांदा तिला ऐकू जाईल असं वाचलं.

ती गेली नाही.
“परवापासून माही शेरी नाही आली घरी.
कानावर पांढरा ठिपका आहे.
आता बसलीच आहेस त् थेही पाहून दे.”
मागे कुणीतरी खोकलं. दसरूच असणार.
मी शेळी लिहिलं. शून्य जागा.
मग ती म्हणाली तसं लिहिलं, शेरी.
शून्य.
ती पडद्याकडे बघत राहिली,
कुठे काही पिवळं होतं का.

“मंग पाहू,” म्हणाली,
आणि पिशवी उचलून बसकडे निघाली.