पुन्हा घडवता आलं नाही

पायाखालची जमीन सरकली म्हणतात,
ते माझं रोजचं काम.
डंडीत, तागाच्या एका जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
आठ तास
मी एका राज्याच्या भिंतींना खांदा घासत चालते
आणि बघते, कुठून आरपार पडता येतं.
पडले की बरं वाटतं. त्याचेच पैसे मिळतात.
खाली काही नसतं. करडा रंग,
आणि डोक्यावर गावाचं बूड:
विहिरींच्या नळ्या, मुळं न काढलेली झाडं,
बाजारात उभ्या माणसांचे तळवे.

सोमवारी घोडा छपरावर चढून बसला.
मंगळवारी नवरी कमरेपर्यंत ओट्यात रुतली
तरी हसत राहिली. वऱ्हाडाने पंगत सोडली नाही.
बुधवारी माझ्या हातून चुकून राजा मेला
आणि दार उघडायला राजाच आला.
फर्गसने मान न वळवता विचारलं,
"पुन्हा घडतंय का?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला.
मी कावळा सदतीस वेळा बसवला.
फांदी एकदाच मोडली होती.
लिहिलं: पुन्हा घडवता आलं नाही.

गुरुवारी ती दिसली.
मिठागराच्या गावात, शेवटच्या घराशी.
फायलीत नाव: म्हातारी_शून्य_सात.
दार झाडत होती. हातात केरसुणी नव्हती.
केरसुणी यायची राहिली होती, पडली असेल
कुठल्या तरी चुकीच्या फोल्डरात.
ती वाकलेली, मुठी एकीवर एक,
उंबऱ्यापासून पायरीपर्यंत,
मग पुन्हा उंबऱ्यापासून.
मध्येच थांबून कंबर धरायची.
ते मात्र कुणीतरी फार मन लावून केलं होतं.

माझा दाढीवाला योद्धा तिच्यासमोर थांबला.
खेळाने लगेच पर्याय पुढे केले:
१) आजी, इथून बंदर किती लांब?
२) तुमच्याकडे काही काम आहे का?
३) निघून जा.
चालू द्या तुमचं, मी नुसती बघतेय,
असा चौथा नव्हता.
मोकळं जग, असं खोक्यावर छापणार आहेत.
दिसेल तो डोंगर चढा, वाटेल त्याची बाजू घ्या.
पण तोंड उघडायचं तर तीन वाक्यं,
तीही ब्रिस्टलात बसलेल्या कुणीतरी
मागच्या हिवाळ्यात लिहून ठेवलेली.

मी काहीच निवडलं नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवला.
तिच्याकडे दिवस मावळला, चोवीस मिनिटांत मावळतो.
इकडे टे नदीवर धुकं चढलं.
समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला इथे हार म्हणतात,
आणि ते खरंच गळ्यात पडतं.
आधी अर्धा पूल गेला, मग पलीकडचा फाइफ.
लांबचं अजून रचून झालं नसेल
तर आम्हीही असंच धुकं सोडतो.
तिच्या घरात दिवा लागला.
ती अंधारात झाडत राहिली.
माझी शेवटची बस गेली ते मला
सफाईवाल्या डोराटाने दिवे घालवले तेव्हा कळलं.

शुक्रवारी नोंद केली. केरसुणी गायब.
गांभीर्य: किरकोळ.
न करून सांगते कुणाला?

सोमवारी नवी आवृत्ती आली. केरसुणी होती.
पिवळी, काड्या मोजून घ्याव्यात इतकी नीट,
फक्त मुठीपासून बोटभर वर, अधांतरी.
हवेला धरून झाडत होती बाई.
मी आजूबाजूला पाहिलं.
फर्गस चहा आणायला गेला होता.
लिहिलं: दुरुस्त. बंद.

मग, कुणी बघत नाही तोवर,
दुसरा पर्याय दाबला.
तुमच्याकडे काही काम आहे का?
ती थांबली. कंबर धरली.
माझ्या सहा फुटी दाढीवाल्याकडे वर बघत म्हणाली,
"बंदर दोन कोस असेल, पोरी.
अंधार व्हायच्या आत नीघ."